भेंडीवरचे कीटकनाशक पकडणारी कोलिनेस्टरेज पट्टी: साध्या प्रयोगशाळेत कशी बनवावी

ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट गटातली कीटकनाशके किडीला मारतात ती तिच्या एका एन्झाइमचे हातपाय बांधून. हे एन्झाइम म्हणजे ॲसिटिलकोलिनेस्टरेज. मज्जातंतूचा निरोप पोहोचला, की निरोप नेणारा ॲसिटिलकोलिनचा रेणू तोडून टाकणे हे त्याचे काम. ते अडले की निरोप थांबतच नाही, स्नायू आखडतात, श्वास बंद पडतो. माणसातही हेच एन्झाइम आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेतकऱ्यांना विषबाधा झाली. अशा रुग्णाच्या रक्तात कोलिनेस्टरेज मोजतात ते याच कारणाने.

हेच एन्झाइम कागदावर बसवले आणि त्याच्या कामातून रंग उमटेल अशी सोय केली, की बायोसेन्सर तयार होतो. ग्लुकोजच्या पट्टीत साखर जास्त तर खूण जास्त. इथे उलटे आहे: विष जास्त तर रंग कमी. हा फरक नीट लक्षात ठेवा, कारण रंग न येण्याची कारणे डझनभर असतात आणि कीटकनाशक हे त्यातले फक्त एक. मेलेले एन्झाइम, आंबट अर्क, उरलेला सॉल्व्हंट, टोमॅटोतला अल्कलॉइड, सगळ्यांचा निकाल पट्टीवर सारखाच दिसतो. म्हणून पट्टी बनवण्यात जितका वेळ जाईल, त्याच्या दुप्पट वेळ बाकीची कारणे बाद करण्यात जाईल, हे धरूनच काम सुरू करा.

खालची पद्धत महाविद्यालयाची रसायनशास्त्राची प्रयोगशाळा किंवा शेतकरी गटाच्या पॅकहाउसमधली छोटी चाचणी खोली यांच्यासाठी आहे. स्वयंपाकघरात करायचा हा प्रयोग नाही.

काय सापडते, काय सापडत नाही

क्लोरपायरिफॉस, प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस, डायक्लोरव्हॉस, मॅलॅथिऑन, ट्रायझोफॉस, मिथोमिल, कार्बोफ्युरान ही या पट्टीच्या टप्प्यातली नावे. यातल्या काहींना भाजीवर जागाच नाही. मोनोक्रोटोफॉसच्या भाजीपाल्यावरील वापराला भारतात २००५ पासून बंदी आहे. २०१८ च्या केंद्रीय आदेशाने डायक्लोरव्हॉस, फोरेट आणि ट्रायझोफॉस ३१ डिसेंबर २०२० पासून पूर्ण बंद झाली.

इमिडाक्लोप्रिड, सायपरमेथ्रिन, मॅन्कोझेब, ग्लायफोसेट यांचा या पट्टीला पत्ताही लागणार नाही. कार्बेन्डाझिमबाबत नेहमी गल्लत होते. नावातून ते कार्बामेट वाटते, रसायनशास्त्राच्या वर्गीकरणात आहेही, पण ते बुरशीनाशक आहे आणि कोलिनेस्टरेजला अडवत नाही. २०१० मध्ये युरोपात गेलेली आपली द्राक्षे क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाच्या अवशेषामुळे अडकली होती. तेही या पट्टीने दिसले नसते. तेव्हा पट्टीवर छान पिवळा रंग आला म्हणून मालावर ‘कीटकनाशकमुक्त’ असा शिक्का मारणे ही शुद्ध फसवणूक आहे, भले ती अजाणतेपणी होवो. पट्टीचा खरा उपयोग चाळणी म्हणून: वीस प्लॉटपैकी कोणत्या तिघांचा माल आधी मोठ्या प्रयोगशाळेत पाठवायचा, हे ठरवण्यासाठी.

लागणारे सामान

एन्झाइम: विजेरी ईल माशापासून काढलेले ॲसिटिलकोलिनेस्टरेज, ५०० युनिटची कुपी. ती बर्फातच यायला हवी. पार्सल कोमट झालेले दिसले तर घेऊ नका.

रसायने: डीटीएनबी (एलमनचे अभिकर्मक, यातून रंग उमटतो), ॲसिटिलथायोकोलिन आयोडाइड (एन्झाइमने तोडायचे खाद्य), डायसोडियम आणि मोनोसोडियम फॉस्फेट, एन-ब्रोमोसक्सिनिमाइड, ॲस्कॉर्बिक ॲसिड, ट्रेहॅलोज, जिलेटिन, बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन, एचपीएलसी दर्जाचे ॲसिटोनायट्राइल आणि मिथेनॉल, निर्जल मॅग्नेशियम सल्फेट, मीठ म्हणजे शुद्ध सोडियम क्लोराइड, पीएसए (प्रायमरी-सेकंडरी अमाइन) पावडर आणि क्लोरपायरिफॉसचे प्रमाणित स्टँडर्ड.

उपकरणे: ४१२ नॅनोमीटरवर वाचणारा स्पेक्ट्रोफोटोमीटर, पीएच मीटर, ०.१ मिलिग्रॅमपर्यंतचा तराजू, ३७ अंशांचे वॉटर बाथ, सेंट्रिफ्यूज, तीन मायक्रोपिपेट, व्हॉटमन नं. १ फिल्टर पेपर, मेणाचे खडू, हॉटप्लेट आणि उणे २० अंशांचा फ्रीझर. घरगुती फ्रीजचा बर्फाचा कप्पा चालत नाही. डीफ्रॉस्ट होताना त्याचे तापमान वरखाली होते आणि त्यात एन्झाइमचा जीव जातो.

द्रावणे

बफर: ०.१ मोलर फॉस्फेट, पीएच ८.०. एक लिटरसाठी निर्जल डायसोडियम फॉस्फेट १३.२ ग्रॅम आणि मोनोसोडियम फॉस्फेट डायहायड्रेट १.०६ ग्रॅम. पीएच मीटरवर तपासून घ्या, नुसत्या वजनांवर विसंबू नका. पट्टीसाठी ५० मिलिमोलर, पीएच ७.५ असे थोडे बफर वेगळे करून ठेवा.

डीटीएनबी, १० मिलिमोलर: ३९.६ मिलिग्रॅम डीटीएनबी आणि १५ मिलिग्रॅम खाण्याचा सोडा १० मिलि बफरमध्ये, पण हे बफर पीएच ७.० चे. पीएच ८ मध्ये साठवले तर डीटीएनबी आपोआप तुटून पिवळे पडते. तपकिरी बाटलीत, ४ अंशांवर. ताजे द्रावण जेमतेम पिवळसर असते. गडद झाले की ओतून द्या.

ॲसिटिलथायोकोलिन, ७५ मिलिमोलर: २१.७ मिलिग्रॅम एक मिलि डिस्टिल्ड पाण्यात. शक्यतो रोजचे रोज करा.

एन्झाइम: ५०० युनिट ५ मिलि थंड बफरमध्ये विरघळवा. त्या बफरमध्ये मिलिमागे १ मिलिग्रॅम अल्ब्युमिन असू द्या, नाहीतर पातळ एन्झाइम प्लॅस्टिकच्या भिंतीलाच चिकटून संपते. झाले १०० युनिट प्रति मिलि. याच्या १०० मायक्रोलिटरच्या पन्नास नळ्या करून उणे २० अंशांवर ठेवा. एक नळी एकदाच वितळवायची, उरलेले पुन्हा गोठवायचे नाही. कुपी हलवताना फेस येऊ देऊ नका.

कामाच्या दिवशी एक नळी दहापट पातळ करा: १० युनिट प्रति मिलि. त्यातले ५० मायक्रोलिटर ९५० मायक्रोलिटर बफरमध्ये घातले, की क्युव्हेटसाठीचे (क्युव्हेट म्हणजे स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये ठेवायची छोटी पारदर्शक कुपी) मिलिमागे ०.५ युनिटचे द्रावण मिळते. हे बर्फावर ठेवा, त्या दिवसापुरतेच वापरा.

इतके पातळ का, याचा हिशेब असा. एक युनिट म्हणजे मिनिटाला एक मायक्रोमोल खाद्य तोडणारे एन्झाइम. क्युव्हेटमध्ये ०.०५ युनिट २.७ मिलिमध्ये असेल तर मिनिटाला साधारण ०.०१८ मिलिमोलर रंगद्रव्य बनते. रंगद्रव्याचा शोषण गुणांक सुमारे १४,१५०, म्हणजे शोषण मिनिटाला ०.२६ च्या आसपास वाढते. तीन मिनिटांत ०.८ च्या खाली, सरळ रेषेत. एन्झाइम दहापट घातले तर रंग अर्ध्या मिनिटात भरतो, रेष वाकते आणि निम्मे एन्झाइम अडलेले असले तरी डोळ्याला सगळे ठीकच दिसते. पट्टीच्या बाबतीत तर हा सर्रास होणारा घोळ: ‘रंग छान यावा’ म्हणून एन्झाइम भरपूर घालायचे आणि मग पट्टीला काहीच सापडत नाही.

आधी क्युव्हेट, मग कागद

१९६१ मध्ये जॉर्ज एलमन आणि सहकाऱ्यांनी दिलेली ही पद्धत आजही कोलिनेस्टरेजच्या चाचणीचा पाया आहे. एन्झाइम ॲसिटिलथायोकोलिन तोडते, सुटलेले थायोकोलिन डीटीएनबीशी भिडते आणि पिवळा रंग येतो. कागदावर उडी मारण्याआधी क्युव्हेटमध्ये हात बसू द्या. क्युव्हेटमध्ये आकडे मिळतात, चूक कुठे झाली ते कळते. कागदावर नुसता रंग मिळतो.

नमुन्याचे द्रावण २.५ मिलि, एन्झाइम १०० मायक्रोलिटर, डीटीएनबी १०० मायक्रोलिटर. ३७ अंशांवर बरोबर १५ मिनिटे. मग ॲसिटिलथायोकोलिन २० मायक्रोलिटर, दोनदा उलटेपालटे करून लगेच ४१२ नॅनोमीटरवर दर ३० सेकंदांनी तीन मिनिटे वाचन.

पंधरा म्हणजे पंधराच मिनिटे. ऑर्गॅनोफॉस्फेटचा अवरोध, म्हणजे एन्झाइमला अडवणे, वेळेबरोबर वाढत जातो, त्यामुळे एका नळीला १२ मिनिटे आणि दुसरीला १८ मिळाली तर तुलनाच संपली. आठ-दहा नळ्या असतील तर एन्झाइम एकेका मिनिटाच्या अंतराने घाला आणि वाचनही त्याच क्रमाने घ्या.

डीटीएनबी आधीच घालण्यामागेही हेतू आहे. भाजीतले स्वतःचे थायोल (गंधकाची संयुगे) या पंधरा मिनिटांत डीटीएनबीशी भिडून घेतात. त्यांचा रंग सुरुवातीच्या आकड्यात जातो, उतारात, म्हणजे शोषण वाढण्याच्या वेगात, येत नाही. आपल्याला उतारच मोजायचा आहे. ॲसिटिलथायोकोलिन मात्र सांगितल्यापेक्षा जास्त घालू नका. काही मिलिमोलरच्या वर गेले की हे एन्झाइम आपल्याच खाद्याने मंदावते.

गणित: स्वच्छ भाजीच्या अर्काचा उतार समजा ०.२५, नमुन्याचा ०.१६, एन्झाइमविना नळीचा ०.०१. तर (०.२४ − ०.१५) ÷ ०.२४ = ३७.५ टक्के अवरोध.

नमुना

शितावरून भाताची परीक्षा इथे चालत नाही. फवारणी सगळीकडे सारखी बसत नाही. झाडाच्या आतल्या बाजूची भेंडी कोरडी राहते, कडेची चिंब होते. कोडेक्सच्या (आंतरराष्ट्रीय अन्नमानकांच्या) नमुना-पद्धतीप्रमाणे भेंडीसारखा बारीक माल किमान १ किलो, फ्लॉवर-कोबीसारखा मोठा माल किमान ५ नग आणि २ किलो घ्या. प्लॉटभर फिरून घ्या, क्रेटच्या वरच्या थरातून नव्हे. धुऊ नका, पुसू नका.

सगळा माल चिरून, शक्यतो गोठवून, मिक्सरमध्ये लगदा करा. मिक्सर तापला तर डायक्लोरव्हॉससारखे उडून जाणारे औषध हवेत जाईल. लगद्यातले १० ग्रॅम ५० मिलिच्या सेंट्रिफ्यूज नळीत घ्या. त्यात १० मिलि ॲसिटोनायट्राइल घालून मिनिटभर जोरात हलवा. मग ४ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट आणि १ ग्रॅम मीठ एकदम घालून ताबडतोब पुन्हा मिनिटभर हलवा. इथे रेंगाळलात तर मॅग्नेशियम सल्फेटचा दगड होतो आणि पाणी त्यात अडकून बसते. नळी गरम लागेल, ते अपेक्षित आहे. ३,००० ते ४,००० आरपीएमवर ५ मिनिटे फिरवा. ही २००३ मध्ये प्रसिद्ध झालेली क्वेचर्स पद्धत. भेंडीला ती खास मानवते, कारण ॲसिटोनायट्राइलमध्ये भेंडीचा बुळबुळीत चिकट भाग साकळून खाली बसतो. नुसत्या बफरमध्ये अर्क काढला तर पिपेटमध्ये तारा येतात आणि मेणचट सालीत बसलेले क्लोरपायरिफॉस बाहेरच येत नाही. पाण्यात ते लिटरला जेमतेम एक-दीड मिलिग्रॅम विरघळते.

वरच्या थरातले २ मिलि एका लहान नळीत ३०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट आणि ५० मिलिग्रॅम पीएसएवर घाला, हलवा, फिरवा. पीएसए सेंद्रिय आम्ले आणि बरीचशी साखर धरून ठेवते. त्यातले बरोबर १ मिलि काढा. हे १ ग्रॅम भाजीइतके झाले.

आता ॲसिटोनायट्राइल घालवायचे, कारण ते स्वतः या एन्झाइमला दाबते. ३५ ते ४० अंशांवर हलक्या हवेच्या झोताखाली शेवटचा थेंब उरेपर्यंत उडवा, २०० मायक्रोलिटर मिथेनॉल घाला, पुन्हा सुमारे ५० मायक्रोलिटरवर आणा. ठणठणीत कोरडे करू नका, त्यात उडणारी औषधे जातात. मिथेनॉलचे शेवटचे प्रमाण २ टक्के राहते, तेवढे एन्झाइम सोसते. तरीही तेवढेच मिथेनॉल तुलनेच्या प्रत्येक कोऱ्या नळीत असलेच पाहिजे.

ऑक्सिडीकरण वगळले तर

बाजारातली बरीच ऑर्गॅनोफॉस्फेटे ‘थायॉन’ रूपात असतात, म्हणजे त्यांच्या फॉस्फरसला गंधक जोडलेले असते. क्लोरपायरिफॉस आणि मॅलॅथिऑन ही त्यातलीच. या रूपात ती एन्झाइमला फारशी अडवत नाहीत. किडीच्या किंवा माणसाच्या शरीरात गंधकाच्या जागी ऑक्सिजन येतो, ‘ऑक्सॉन’ बनते आणि मग दंश बसतो. परीक्षानळीत हे काम आपण करून द्यावे लागते. ही पायरी वगळणारी पट्टी क्लोरपायरिफॉसने माखलेल्या फ्लॉवरलाही ‘स्वच्छ’ म्हणू शकते. स्वस्त चाचणी-किट घेताना पहिला प्रश्न हाच विचारा.

५० मायक्रोलिटर अर्कात ९५० मायक्रोलिटर डिस्टिल्ड पाणी घाला. एन-ब्रोमोसक्सिनिमाइडचे ताजे द्रावण, मिलिमागे १ मिलिग्रॅम, ५० मायक्रोलिटर. पाच मिनिटे थांबा. मग ॲस्कॉर्बिक ॲसिड, मिलिमागे १० मिलिग्रॅम, ५० मायक्रोलिटर. दोन मिनिटे. ब्रोमोसक्सिनिमाइडचे उरलेले ब्रोमीन यात मरते. ते मेले नाही तर पुढे एन्झाइमलाच मारते. शेवटी १.४ मिलि पीएच ८.० बफर घालून २.५ मिलि करा आणि पीएच कागदावर थेंब टाकून बघा. ७.८ च्या खाली असेल तर बफर अपुरे पडले आहे. द्राक्ष, लिंबू, टोमॅटो यांच्याबाबत हे हमखास होते.

ऑक्सिडायझरचे प्रमाण हा सुरुवातीचा आकडा आहे, अंतिम नव्हे. हिरव्या पालेभाजीतले इतर पदार्थ ब्रोमीन खाऊन टाकतात आणि क्लोरपायरिफॉसच्या वाट्याला काही उरत नाही. उलट फार घातले तर बनलेले ऑक्सॉनही मोडते. आपल्या पिकाच्या स्वच्छ लगद्यात क्लोरपायरिफॉस मिसळून २५, ५०, १०० आणि २०० मायक्रोलिटर अशा चार मात्रा करून बघा आणि जिथे अवरोध सर्वाधिक येतो ती मात्रा पक्की करा. पाणी त्या-त्या प्रमाणात कमी-जास्त करायचे आणि ॲस्कॉर्बिक ॲसिड त्याच पटीत वाढवायचे.

प्रत्येक नमुन्याच्या दोन नळ्या करा, एक ऑक्सिडीकरण केलेली आणि एक न केलेली. दुसरीत ब्रोमोसक्सिनिमाइडऐवजी पाणी, बाकी सगळे तसेच. दोन्हींत अवरोध आला तर मोनोक्रोटोफॉस, डायक्लोरव्हॉस किंवा कार्बामेट असे थेट अडवणारे काहीतरी आहे. फक्त पहिलीत आला तर थायॉन.

पट्टी

फिल्टर पेपरच्या २ × ५ सेंमीच्या पट्ट्या कापा. प्रत्येकीवर मेणाच्या खडूने दोन वर्तुळे काढा, मध्ये घडी घातली की एकावर एक बसतील अशी. व्यास ८ मिमी ठेवा. हॉटप्लेटवर १०० अंशांना मिनिटभर ठेवले की मेण कागदात उतरते आणि आतल्या बाजूलाही पसरते, हाती साधारण ६ मिमीची जागा उरते. एक थेंब पाणी टाकून बघा. बाहेर झिरपले तर उलट्या बाजूनेही मेण फिरवा.

एन्झाइमचे मिश्रण, १ मिलि: डीटीएनबी २०० मायक्रोलिटर, ५ टक्के जिलेटिन कोमट १०० मायक्रोलिटर, ५० टक्के ट्रेहॅलोज १०० मायक्रोलिटर, ५० मिलिमोलर पीएच ७.५ बफर ५६० मायक्रोलिटर आणि सगळे ३० अंशांखाली आल्यावर शेवटी मिलिमागे १० युनिटचे एन्झाइम ४० मायक्रोलिटर. पहिल्या वर्तुळात याचे ५ मायक्रोलिटर. दुसऱ्यात ॲसिटिलथायोकोलिन ३ मिलिमोलर, म्हणजे साठ्यातले २५ पट पातळ केलेले, ५ मायक्रोलिटर.

इथे अल्ब्युमिनऐवजी जिलेटिन का? अल्ब्युमिनच्या रेणूत एक मोकळा थायोल असतो, तो डीटीएनबीशी भिडून पट्टी मुळातच पिवळसर करतो. जिलेटिनमध्ये सिस्टीन जवळजवळ नसतेच. ट्रेहॅलोज वाळताना एन्झाइमचा आकार टिकवून धरते. साध्या साखरेने काम अर्धेमुर्धे होते, पण ओल्या हवेत ती चिकट होते.

सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्ये, अंधारात, खोलीच्या तापमानाला दोन तास वाळवा. हेअर ड्रायर नको, ६० अंशांचा ओव्हन तर नकोच. वाळल्यावर सिलिका जेलच्या पुडीसह ॲल्युमिनियमच्या पाऊचमध्ये बंद करून ४ अंशांवर ठेवा. काढताना पाऊच आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि मगच फोडा. गार पट्टीवर बाष्प बसले की ती जागीच काम सुरू करते. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर हा त्रास रोजचा आहे. तिथे पाच-पाच पट्ट्यांचे छोटे पाऊच करा.

वापर: २.५ मिलि द्रावणातले ५ मायक्रोलिटर एन्झाइमच्या वर्तुळावर. पट्टी ओल्या टिश्यूसह झाकलेल्या पेट्रीडिशमध्ये, ३७ अंशांवर १५ मिनिटे. उघडी ठेवली तर पाच मायक्रोलिटर त्याआधीच वाळतात आणि वाळलेल्या कागदावर कसलाच अवरोध होत नाही. मग दुसऱ्या वर्तुळावर ३ मायक्रोलिटर पाणी, घडी, दोन काचपट्ट्यांत दाबून क्लिप. पाच मिनिटांनी काचेवरूनच फोटो.

मोबाइलने वाचन

डोळा पिवळ्याच्या छटा ओळखण्यात कच्चा आहे. पुठ्ठ्याची बंद पेटी, आत पांढरा एलईडी, वर कॅमेऱ्यापुरते भोक. फ्लॅश, एचडीआर आणि नाइट मोड बंद, व्हाइट बॅलन्स एकाच आकड्यावर कायम. फ्रेममध्ये नेहमी कोरा फिल्टर पेपर असू द्या. पिवळा रंग निळा प्रकाश शोषतो, म्हणून फोटोतला फक्त निळा चॅनल वाचा आणि कोऱ्या कागदाच्या आकड्यातून तो वजा करा. उरलेली घट हाच आपला संकेत. लाल-हिरवा-निळा यांची सरासरी काढली तर निम्मी माहिती पाण्यात.

कोणत्या पट्ट्या सोबत हव्यात

एक पट्टी कधीच पुरेशी नाही. दरवेळी चार प्रकार, प्रत्येकाच्या तीन प्रती: नमुना, त्याच पिकाचा न फवारलेला स्वच्छ अर्क, त्याच स्वच्छ अर्कात मुद्दाम मिसळलेले क्लोरपायरिफॉस, आणि एन्झाइमविना नमुना. तुलना स्वच्छ अर्काशी करायची, साध्या बफरशी नाही. बफरशी केली तर भेंडीच्या स्वतःच्या पदार्थांचा दाबही कीटकनाशकाच्या खात्यावर जमा होतो.

मिसळायचा हिशेब: १० ग्रॅम लगद्यात किलोमागे ०.१ मिलिग्रॅम हवे, तर १ मायक्रोग्रॅम लागते, म्हणजे मिलिमागे १० मायक्रोग्रॅमच्या द्रावणाचे १०० मायक्रोलिटर. मिसळून अर्धा तास मुरू द्या, मग अर्क काढा. ०, ०.०१, ०.०२, ०.०५, ०.१ आणि ०.२ असे टप्पे करून वक्र काढा. ०.०१ ही युरोपातली सर्वसाधारण अवशेष-मर्यादा, वेगळा आकडा ठरलेला नसेल तेव्हाची. निर्यातीच्या मालासाठी पट्टी तिथवर पोहोचते का, हे याच वक्रावर दिसेल. किमान दहा स्वच्छ नमुन्यांच्या अवरोधाची सरासरी आणि प्रमाण विचलन काढा. सरासरीत तीन विचलने मिळवली की आपल्या पट्टीची खरी सीमा मिळते. त्याखालच्या आकड्यावर बोलू नका.

चीनच्या २००३ च्या राष्ट्रीय जलद-चाचणी मानकात ५० टक्के अवरोध हा ‘सकारात्मक’चा उंबरठा आहे. तो बाजार समितीच्या गेटवरच्या घाईसाठी ठीक. स्वच्छ नमुने ८-१० टक्क्यांत फिरत असतील तर २५ टक्क्यांवरच शंका घ्यायला हरकत नाही. शंका आली की त्याच लगद्यातून नव्याने अर्क काढून पुन्हा चाचणी. दुसऱ्यांदाही तसेच आले तर गोठवलेला लगदा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जीसी-एमएस/एमएस आणि एलसी-एमएस/एमएस या औषध नेमके ओळखणाऱ्या चाचण्यांसाठी पाठवा. कोणते औषध आणि किती, हे तिथेच कळणार.

खोटे इशारे

कांदा, लसूण, मुळा आणि कोबीवर्गीय भाज्या: गंधकाची संयुगे डीटीएनबीशीही भिडतात आणि एन्झाइमलाही दाबतात. टोमॅटो, वांगी, बटाटा: टोमॅटिन आणि सोलॅनिन कुळातले ग्लायकोअल्कलॉइड हे स्वतःच कोलिनेस्टरेजचे अवरोधक, विशेषतः हिरव्या, कच्च्या मालात. या पिकांत लगदा न करता अख्खा नग सॉल्व्हंटमध्ये खंगाळून फक्त सालीवरचे अवशेष तपासणे बरे. आत मुरलेले मोनोक्रोटोफॉससारखे आंतरप्रवाही औषध त्यातून निसटेल, हे अहवालात स्पष्ट लिहा.

स्वच्छ अर्काचाच रंग फिका आला तर बहुधा एन्झाइम दमले आहे: साध्या बफरची पट्टी लावून बघा, तीही फिकी असेल तर नवी नळी काढा. एन्झाइमविना पट्टी पिवळी पडली तर ॲसिटिलथायोकोलिन शिळे आहे किंवा अर्कात थायोल उरले आहेत. तीन प्रतींत दहा टक्क्यांहून जास्त फरक पडला तर दोष बहुतेक वेळा पिपेटचा किंवा मेणाच्या वर्तुळाचा असतो, रसायनाचा नव्हे. पट्ट्यांच्या प्रत्येक घाण्यातली एक दर आठवड्याला साध्या बफरवर तपासा. पहिल्या दिवसाच्या ८० टक्क्यांखाली रंग गेला की तो घाणा बाद.

विहिरीचे किंवा नदीचे पाणी तपासायचे असेल तर अर्काची पायरी गळते, पण दोन नवे त्रास येतात. तांबे आणि पारा यांचे आयनही हे एन्झाइम अडवतात, म्हणून बफरमध्ये १ मिलिमोलर ईडीटीए घाला. नळाच्या पाण्यातले क्लोरीन पिवळा रंग फिका करते आणि एन्झाइमही बिघडवते. आधी थोडे ॲस्कॉर्बिक ॲसिड घालून ते मारा.

क्लोरपायरिफॉसचे स्टँडर्ड हाताळताना नायट्राइल हातमोजे आणि फ्यूम हूड हवेच. ॲसिटोनायट्राइलचा कचरा सिंकमध्ये नाही, झाकणाच्या वेगळ्या बाटलीत. वापरलेल्या नळ्या आणि पट्ट्या १ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये रात्रभर बुडवून ठेवा आणि मगच घातक कचऱ्यात टाका. काम करताना कोणाला अचानक घाम, लाळ, डोळ्यांपुढे धूसर असे झाले तर अंगावरचे कपडे काढून त्वचा साबणाने धुवा आणि थेट रुग्णालय गाठा. जाताना स्टँडर्डच्या बाटलीवरच्या लेबलचा फोटो सोबत न्या.